पाण्याचा घोट

नानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गुडघ्यांवर रांगत होते, आणि मी त्यांना हाकलत होते.

धुळ्याच्या एका संस्थेत बालवाडीताईंचं प्रशिक्षण होतं. त्यासाठी मागवलेल्या खेळण्यांची पोती घेऊन मी जळगावहून टेम्पोत बसून आले होते. दुकान नवं होतं. मालकीणही मी आणि हमालही मीच. हॉलचं दार लोटलं तर आत पांढऱ्या मिशांचा एक उंच माणूस भिंतीच्या कडेकडेनं रांगत चाललेला. पायजम्याला गुडघ्यांवर चामड्याची ठिगळं. मध्येच थांबायचा, भिंतीला नाक लावायचा, पुढे सरकायचा. मला वाटलं, सकाळीच झोकून आलाय.

"ओ बाबा, उठा! इथे कार्यक्रम आहे," मी ओरडले.

त्यांनी मान वर केली. "हळू बोला," म्हणाले. "इथून तुम्ही फार मोठ्या दिसता. भीती वाटते."

मागून संस्थेच्या सचिव बाई धावत आल्या आणि कळलं, की हेच नाना, प्रशिक्षण हेच घेणार. लहान मुलाच्या उंचीवरून हॉल बघितल्याशिवाय ते कुठलंही प्रशिक्षण सुरू करत नसत. त्या दिवशी त्या रांगण्यात त्यांना एक वर आलेला खिळा, चिकटून वाळलेला च्युइंगम आणि कुणाचा तरी कानातला सापडला. कानातला संस्थेच्या माजी अध्यक्षीण बाईंचा निघाला. तो हरवला म्हणून त्यांनी एका झाडूवालीला कामावरून काढलं होतं. नानांनी अध्यक्षीण बाईंना बोलावून घेतलं, झाडूवालीला फोन लावून दिला आणि त्यांनाच बोलायला बसवलं. "आता सॉरी म्हणा तिला," ते म्हणाले. "मोठ्यानं."

मी खेळणी मांडली. चुकीचं काही नव्हतं त्यात. लहान पुढे, मोठी मागे, रंग जुळवून, हात घालताच हाती येईल अशी. नानांनी ती मांडणी बराच वेळ बघितली आणि सगळ्या ताईंसमोर म्हणाले, "या आपल्या शेठाणी."

तिथून मी शेठाणी झाले. आजतागायत आहे. आणि हेच माझं नानांशी भांडण आहे.

कुणी म्हणेल, शेठाणी म्हटलं तर बिघडलं काय? बिघडतं. मी रावेरची. वडील केळीच्या गाड्या भरायचे, आई घड धुवायची. मी डोक्यावर टोपली घेऊन प्लास्टिकच्या बाहुल्या विकल्या, मग हातगाडी केली, मग जळगावात दुकान. दुकान चालवताना बालवाडीचा कोर्स केला, परीक्षा दिली, पास झाले. दुकानाच्या वरच्या मजल्यावर स्वतःची बालवाडी काढली. ती चालवून दाखवली. तरी संस्थेच्या बैठकीला गेलं, की बाकीच्या सगळ्या 'मॅडम' खुर्चीवर, आणि मला, "शेठाणी, जरा चहाचं बघता का?" चहाचंही मीच बघायचे, कारण मी बघितल्याशिवाय तो चहावाला पाणीच पाजायचा. पण आतून चडफडायचे.

नानांची बोलण्याची एक उलटी रीत होती. लहान मुलांशी ते मोठ्यांसारखं बोलत आणि मोठ्यांशी लहान मुलांसारखं. माझ्या बालवाडीत पहिल्यांदा आले तेव्हा शेंबूड ओढणाऱ्या एका पोराला हात जोडून म्हणाले, "नमस्कार. येताना त्रास नाही ना झाला?" पोरानंही तितक्याच गंभीरपणे सांगितलं, की रस्त्यात डुक्कर होतं. दोघं मग त्या डुकराबद्दल बोलत बसले. मी खुर्ची पुढे केलेली, ती तशीच.

उलट एकदा धुळ्याला एक बडे अधिकारी आले होते. भाषण लांबलं होतं आणि साहेब खुर्चीत सारखे चुळबुळत होते. नाना त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "शूला जायचंय का? जाऊन या. आम्ही थांबतो." कानाशी म्हणाले खरं, पण समोर माइक होता. साहेब लाल झाले. पण गेले. येताना फार प्रसन्न चेहऱ्यानं आले आणि उरलेलं सगळं प्रशिक्षण त्यांनी मांडी घालून ऐकलं.

फळांच्या बाबतीत तर त्यांचं डोकंच फिरलेलं होतं. मी रावेरची म्हणून एकदा मानानं दोंडाईच्याला त्यांच्या घरी केळीचा घड घेऊन गेले. घड असा, की रस्त्यातले लोक वळून बघत होते. नानांनी एक केळं सोललं, मधून मोडलं, आत डोकावले आणि परत ठेवलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"बी नाही याला. मुलांनी पेरायचं काय? मोजायचं काय? दुसऱ्याच्या अंगावर थुंकायचं काय?" मग अंगणातल्या झाडाकडे बोट दाखवून म्हणाले, "सीताफळ बघ. खाता खाता पोरगं बिया मोजतं, जिभेनं गर सोडवतं, धीर धरतं. फळ म्हणजे ते. केळं काय, म्हाताऱ्यांचं खाणं."

मी म्हटलं, "नाना, त्या केळ्यावर माझ्या बापानं माझी शाळा केली."

"मग बापाला नमस्कार," ते म्हणाले. "केळ्याला नाही."

अशा माणसाकडून मला कौतुक हवं होतं. तेही मिळायचं नाही, कारण 'शाब्बास' या शब्दावर त्यांनी बंदी घातली होती. मुलाला शाब्बास म्हटलं, की ते चित्र काढायचं सोडून तुमचं तोंड बघायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. कुणी काही चांगलं केलं, की ते एवढंच म्हणायचे, "दिसलं मला." कुणी काही वाईट केलं, तरी तेच म्हणायचे, "दिसलं मला." कुठलं कशासाठी, हे तुम्ही घरी जाऊन ठरवायचं.

मग नानांचे गुडघे गेले. रांगणं बंद झालं, जिने चढणं बंद झालं. संस्थेला नवा प्रशिक्षक हवा होता. गावोगावी जाऊन अंगणवाडी सेविकांना शिकवणारा. सचिव बाईंनी सांगून टाकलं, नाना ज्याचं नाव देतील तो. नाव देण्याआधी साक्रीच्या कार्यशाळेत त्याला उभं करून बघायचं.

मी दुसऱ्याच दिवशी दोंडाईच्याला.

"नाना, साक्री मला द्या."

ते शेंगा फोडत बसले होते. "तुला कशाला? तुझं दुकान आहे की."

"दुकान आहे म्हणूनच. मला मरेपर्यंत दुकानदार म्हणून जगायचं नाही. मला शिकवायचंय. लोकांनी मला बाई म्हणायला हवं. शिकवणारी बाई."

"लोकांनी, की मी?"

"तुम्ही आधी म्हणा. लोक मागनं म्हणतात."

त्यांनी एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. "एक अट. मुलांपुढे आणि सेविकांपुढे सगळ्यात अवघड काम काय, ते तुला जमलं पाहिजे. गप्प बसणं."

मला हसूच आलं. गप्प बसण्यात अवघड काय?

त्यांनी मला तिथल्याच एका अंगणवाडीत नेलं, कोपऱ्यात बसवलं आणि पाण्याचा पेला हाती दिला. "एक घोट तोंडात धर. गिळायचा नाही, थुंकायचा नाही. मुलं काय करतात ते फक्त बघ. घोट तोंडात आहे तोवर तू शिकतेयस."

पहिल्याच दिवशी एक पोरगी ठोकळ्यांचा मनोरा रचत होती. मोठा ठोकळा वर, लहान खाली. पडणार, हे म्हशीलाही कळलं असतं. मी घोट गिळला आणि ओरडले, "अगं उलटं, उलटं!" पोरगी रडायला लागली. दाराशी बसलेले नाना म्हणाले, "दिसलं मला."

दुसऱ्या वेळी दोन पोरं एका चेंडूवरून भांडली. मी गिळला. तिसऱ्या वेळी एक बाबा लेकराला सोडायला आला आणि मला दुकानावरून ओळखून त्यानं विचारलं, "तुमच्याकडची ती तीनचाकी काय भावानं?" आता गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचं नाही म्हणजे काय? मी गिळला. नाना म्हणाले, "शेठाणी, तुझा गळा म्हणजे पाट आहे. पाणी थांबतच नाही."

पण मी हटणारी नाही. घरी भाजी चिरताना, दुकानात हिशोब बघताना घोट धरायला लागले. नवरा म्हणाला, घरात इतकी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच आली, त्या नानांना एकदा जेवायला बोलाव.

साक्रीसाठी मी जीव तोडून तयारी केली. कॉम्प्युटर क्लासवाल्या पोरीकडून पडद्यावर दाखवायची चित्रं करून घेतली. 'बालकाचा सर्वांगीण विकास' या विषयावरचं भाषण पाठ केलं. तक्ते रंगवले, तेही नुसते नाही, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून. सगळं नानांना दाखवायला नेलं. त्यांनी पेनड्राइव्ह उचलून चष्म्याजवळ धरला. "हे मुलांच्या तोंडात जाईल," म्हणाले आणि खिशात टाकला. तो मला परत मिळाला नाही.

शेवटी आमचा सौदा झाला. सत्राच्या सुरुवातीला मी खेळणी मधोमध मांडायची, घोट तोंडात धरून मागे बसायचं आणि सेविकांना हवं ते खेळू द्यायचं. नाना म्हणत होते, पहिला अर्धा दिवस. मी घासाघीस करून ते चहा येईपर्यंत आणलं. चहानंतर माझं भाषण.

साक्रीला गेलो तो दिवस आठवडी बाजाराचा होता. हॉलच्या खिडकीखाली कांद्याच्या राशी आणि कोंबड्यांच्या टोपल्या. सेविका आल्या त्याही बाजारातूनच. डोंगराकडच्या गावांतून त्या सकाळच्या जीपनं येतात आणि परतीच्या जीपनं जातात, तेव्हा बाजार करायचा तो मधल्याच वेळात. प्रत्येकीच्या हातात पिशवी, पिशवीतून मेथीच्या जुड्या बाहेर. आणि आत बघतात तर काय? सतरंजीवर रांगेत माल मांडलेला, लहान पुढे, मोठा मागे, आणि त्यामागे एक जाडसर बाई मांडी घालून बसलेली. गाल फुगलेले. बोलत काहीच नाही.

मला वाटलं होतं, त्या खेळतील. त्या मालाभोवती उकिडव्या बसल्या आणि वस्तू उलट्यापालट्या करून बघायला लागल्या.

"तंबाखू भरेल शे तोंडमा," एकीनं दुसरीला अहिराणीत सांगितलं. "म्हनीसन बोलस नही."

सगळ्यांत पुढे एक वयस्क सेविका होत्या. बाकीच्या त्यांना अक्का म्हणत होत्या. अक्कांनी माझी लाकडी बैलजोडी उचलली. सुंदर जोडी होती ती. जू एकच, शिंगं रंगवलेली, खाली चाकं. अक्कांनी जू काढलं, एक बैल बाजूला ठेवला आणि एक हातात घेतला.

"हाऊ एक कितलाले दिशी?"

मी मान हलवली. नाही, विकायचं नाही, खेळायचं आहे, असं मला म्हणायचं होतं. पण बाजारात मान हलवली की त्याचा अर्थ एकच होतो. अक्कांनी आपणहूनच एक भाव सांगितला. मी मान हलवली. त्यांनी भाव चढवला. मी पुन्हा हलवली. "भलती कडक शे, माय," मागची म्हणाली, आणि तिनं मण्यांच्या माळेला स्वतःहून बोली लावली. मी आयुष्यभर बोलून धंदा केला. न बोलता भाव इतका चढतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मागे खुर्चीवर बसलेल्या नानांचे खांदे हलताना दिसत होते.

तरी मी घोट धरला. खरंच धरला. पण अक्कांनी तो एकटा बैल मेथीच्या जुडीशेजारी पिशवीत सरकवला, आणि मी गिळला.

"ओ अक्का! जोडी फुटत नाही!"

"बोलनी, बोलनी!" सगळ्या ओरडल्या.

"माले एकच जोयजे," अक्का म्हणाल्या. "मन्ही अंगणवाडीमा एक बैल शे. दुसरा पोरेस्नी नदीमा वाहाडी दिना. त्या एकलाले करमस नही."

"तुमचा नदीनं नेला, मग मी एकट्याला घेऊन काय करू? माझ्याही बैलाला करमणार नाही."

"तू शहरनी शे. तुन्हा बैलले सवय व्हई जाई."

मग मात्र मी सरसावून बसले. अक्का एका बाजूनं, मी दुसऱ्या. बैलाला शेपूट आखूड आहे म्हणाल्या. मी म्हटलं, माशा कमी आहेत आमच्याकडे. निम्म्या सेविका अक्कांच्या बाजूनं झाल्या, निम्म्या माझ्या. एकीनं माझ्या शेजारी बसून बाकीचा माल विकायला सुरुवात केली. एक सासू झाली आणि तिनं सुनेला महागाची बाहुली घेऊ दिली नाही. कुणी ओंजळीत मणी तोलले, कुणी ठोकळ्यांचे पैसे केले. खिडकीतून एक खरा कांदेवाला डोकावला आणि आत काय लागलंय म्हणून विचारून गेला. चहा आला आणि थंड झाला. भाषण राहिलं.

शेवटी मी तोडगा काढला. अक्कांनी त्यांचा एकटा बैल मला आणून द्यायचा आणि माझी अख्खी जोडी घेऊन जायची. अक्का मान्य झाल्या. जोडी फुटली नाही. माझा शब्द राहिला.

तेव्हा नानांनी टाळी वाजवली. "आत्ता इथे काय झालं, ते सांगा."

आणि त्या बायका सांगायला लागल्या. मोजलं. तोललं. जोडी लावली. भांडलो आणि मिटवलं. सासू झालो. ज्या कधी तोंड उघडत नाहीत असं पर्यवेक्षिका म्हणत होत्या, त्या एकमेकींच्या वर चढून बोलत होत्या. एकीनं विचारलं, अंगणवाडीत मुलांचा बाजार भरवला तर? दुसरी म्हणाली, मी चिंचोके आणते, पैसे म्हणून. माझं पाठ केलेलं सगळं भाषण त्या भाषणाशिवायच बोलून गेल्या. माझे चिकटपट्टी लावलेले तक्ते गुंडाळलेलेच परत आले.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" नानांनी विचारलं.

"शेठाणीनी!" सगळ्या एका सुरात.

मला काम मिळालं. साक्रीनंतर शिरपूर, मग शिंदखेडा, मग चोपडा. आणि प्रत्येक ठिकाणाहून निरोप एकच, 'शेठाणीचा बाजार ठेवा.' फलकावर खडूनं तसंच लिहून ठेवतात. मी गेल्या गेल्या पुसते. माझ्या पाठीमागे पुन्हा लिहितात. सर्वांगीण विकासावरचं ते भाषण मी आजवर एकदाही पुरं केलेलं नाही.

अक्कांनी शब्द पाळला. त्यांचा बैल जीपवाल्याच्या हाती आला. एक शिंग मोडकं, पाठीवर मुलांच्या दातांच्या खुणा. तो माझ्या दुकानाच्या टेबलावर आहे. एकटा कुणी घेत नाही आणि मी एकटा विकत नाही. नाना त्याच्याकडे बघून म्हणतात, "अखेर एकटा तुझ्याकडेच राहिला ना? म्हणजे जोडी कुणाची फुटली?" मी म्हणते, फुटली ती नदीनं फोडली, मी नाही.

यंदा जळगावात माझी पहिली मोठी कार्यशाळा होती. नावापुढे 'प्रमुख मार्गदर्शक' असं छापलेली. उद्घाटनाला नाना हवे होते. मी दोंडाईच्याला फोन लावला.

"गाडी पाठवते. पण एक काम करायचं. माइकवर सगळ्यांसमोर एकदा, फक्त एकदा म्हणायचं, 'या आमच्या शिक्षिका.' शेठाणी नाही."

"आणि बदल्यात?"

"सीताफळांची पाटी."

"माझ्या अंगणात झाड आहे. दुसरं बोल."

"तुम्ही बोला."

जरा वेळ शेंगा फुटल्याचा आवाज आला. "माझं बोलून होईपर्यंत तू बोलायचं नाहीस. बोललीस तर सौदा मोडला."

मी ओळखून होते यांना. व्यासपीठावर नाना माइककडे निघाले, तसा मी बाटलीतला घोट तोंडात घेतला आणि गाल शक्य तितके सपाट ठेवून बसले. हॉल गच्च भरलेला. मागच्या रांगेत साक्रीच्या अक्काही होत्या, नातवंडांच्या नावानं जळगावला आलेल्या.

नाना छान बोलले. मुलांवर बोलले, गप्प बसण्यावर बोलले. मग माझ्याकडे हात केला. "माणूस शिकवतो केव्हा? बोलतो तेव्हा नाही. स्वतःला आवरतो तेव्हा. हिनं ते कष्टानं कमावलं. तेव्हा या आमच्या..."

ते थांबले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी घोट धरून होते. एकच शब्द उरला होता.

"...त्या आधी साक्रीची एक गोष्ट सांगतो," नाना म्हणाले. "त्या दिवशी अक्कांपुढे हिचं काही चाललं नाही. हिनं जोडी फोडली."

आता सांगा. माणसानं ऐकून घ्यायचं किती? अख्ख्या हॉलसमोर, ज्यांच्याशी उद्या मला व्यवहार करायचा, त्यांच्यासमोर?

घोट अर्धा गिळला, अर्धा नाकातून आला. "खोटं!" मी खोकत खोकत उठले. "साफ खोटं! जोडी फोडली नाही! अक्का, तुम्ही सांगा, फोडली का?"

"नही फोडी, माय!" मागून अक्का ओरडल्या. "भलती कडक शे!"

हॉल हसून हसून वाकला. नाना माझ्याकडे शांतपणे बघत होते.

"दिसलं मला," ते माइकवर म्हणाले, आणि जाऊन बसले.

संध्याकाळी त्यांना सोडायला गाडीत मीच बसले. धरणगाव येईपर्यंत मी भांडले. म्हटलं, नाना, हा दगा आहे. सौद्यात खोटं बोलायचं ठरलं नव्हतं. ते खिडकीबाहेर कापसाची शेतं बघत होते. मग मी आवाज खाली आणला आणि विचारलं, "खरं सांगा. मी गप्प बसले असते, तर तो शब्द म्हणणार होतात ना?"

नाना वळले. माझी पाण्याची बाटली उचलली, एक मोठा घोट घेतला, गाल फुगवले आणि माझ्याकडे बघत राहिले.

अमळनेर गेलं. बेटावद गेलं, नरडाणा गेलं. दोंडाईच्याला घराशी गाडी थांबली, मी हाताला धरून उतरवलं, ओट्यापर्यंत नेलं. म्हाताऱ्यानं तो घोट गिळला नाही.